‘परवानगी द्या’ या बटणाची पूर्वपीठिका

वेब अ‍ॅपला फेसबुक किंवा एक्सचं (पूर्वीचं ट्विटर) एपीआय, म्हणजे दुसऱ्या अ‍ॅपने त्या साइटशी बोलायची सोय, जोडायला बसलं की कोडच्या आधी कागदपत्रं येतात. अ‍ॅपची नोंदणी करा, लॉगिननंतर युजरला कुठल्या पत्त्यावर परत पाठवायचं ते सांगा, कोणकोणत्या परवानग्या हव्यात आणि त्या कशासाठी, तेही लिहून द्या. नवख्या डेव्हलपरला हा सरकारी खाक्या वाटतो. मला तो मोलाचा वाटतो, कारण त्याच्या आधीचे दिवस कसे होते याची नोंद आहे.

ट्विटरने सप्टेंबर 2006 मध्ये एपीआय खुलं केलं. दुसऱ्या अ‍ॅपमधून ट्विट टाकायचं तर त्या अ‍ॅपला आपला पासवर्डच द्यावा लागे. शेजाऱ्याला अंगणातल्या झाडांना पाणी घालायला सांगायचं आणि हातात तिजोरीसकट सगळ्या किल्ल्यांचा जुडगा द्यायचा, असा तो प्रकार. एका अ‍ॅपवरचा विश्वास उडाला तर पासवर्ड बदलायचा, की बाकीची अ‍ॅपंही बंद.

ट्विटरमध्ये काम करणारे ब्लेन कुक आणि इतर काही जण 2006च्या अखेरीस या प्रश्नाला भिडले. त्यातून 2007 मध्ये ओऑथ 1.0 तयार झालं, म्हणजे पासवर्ड न देता अ‍ॅपला परवानगी द्यायची ठरलेली पद्धत. पासवर्ड मूळ साइटवरच टाकायचा. अ‍ॅपला मिळतं फक्त टोकन, म्हणजे त्या अ‍ॅपपुरती वेगळी किल्ली, आणि ते हवं तेव्हा रद्द करता येतं. 2009 मध्ये त्यात भगदाड सापडलं: हल्लेखोराने सुरू केलेल्या विनंतीवर दुसऱ्याच माणसाकडून मंजुरी घेता येत होती. ते बुजवून 1.0ए आलं. ट्विटरने ऑगस्ट 2010 अखेर पासवर्डची वाट कायमची बंद केली. आज सर्वत्र दिसतं ते ओऑथ 2.0 ऑक्टोबर 2012चं.

किल्लीचा प्रश्न सुटला, पण परवानगी कुणाची घ्यायची हा प्रश्न उरलाच. फेसबुकच्या एपीआयचं नाव ग्राफ एपीआय. त्याच्या पहिल्या आवृत्तीत अ‍ॅप घेणाऱ्याने होकार दिला की त्याच्या मित्रांचीही माहिती मिळे. त्या मित्रांना कुणी विचारत नसे. संशोधक अलेक्झांडर कोगन यांच्या प्रश्नमंजुषेच्या अ‍ॅपने हीच वाट धरली आणि तिथून माहिती केंब्रिज अ‍ॅनालिटिका या राजकीय प्रचारासाठी काम करणाऱ्या कंपनीकडे गेली. फेसबुकच्याच हिशेबाप्रमाणे भारतात ते अ‍ॅप 335 जणांनी घेतलं होतं. झळ पोचली असण्याची शक्यता 5,62,455 जणांना. जगभरात हा आकडा 8.7 कोटींपर्यंत जातो. मला यातला 335 हाच आकडा सर्वांत अस्वस्थ करतो. बाकीच्यांनी काहीही दाबलं नव्हतं.

फेसबुकने 2014च्या एप्रिलमध्ये ग्राफ एपीआय 2.0 आणताना मित्रांची माहिती देणं थांबवलं आणि जादा परवानग्यांसाठी अ‍ॅपची तपासणी सुरू केली. जुन्या अ‍ॅपना मात्र 30 एप्रिल 2015 पर्यंत मुदत दिली. केंब्रिज अ‍ॅनालिटिकाचं प्रकरण जगभर गाजलं ते मार्च 2018 मध्ये.