भास थांबले, तरी दादरला गाडी बदलणं का जमत नाही?

"गोळ्या चालू झाल्यापासून भास होत नाहीत, पण दिवसभर लोळत असतो. आळस, दुसरं काय!" स्किझोफ्रेनियाच्या शुभार्थींबद्दल, म्हणजे हा मनोविकार असलेल्यांबद्दल, हे घरोघरी ऐकू येतं आणि ते साफ चुकीचं आहे.

भास आणि संशय ही आजाराची फक्त एक बाजू. मेंदूत खोलवर असलेल्या स्ट्रायटममध्ये डोपामिन या पेशींमधल्या निरोप्या रसायनाचा जोर वाढतो, मग शेजाऱ्याचं खोकणंही आपल्यालाच उद्देशून वाटू लागतं. 1952 साली मनोविकारांवर वापरात आलेल्या क्लोरप्रोमाझिनपासून आजवरची बहुतेक औषधं डोपामिनचे डी-2 ग्राहक (पेशींवरच्या डोपामिन टिपणाऱ्या जागा, रिसेप्टर) अडवतात आणि भास ओसरतात.

कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये मात्र बहुधा उलटं घडतं, तिथे डोपामिन कमी पडतं. तिथले ग्राहक मुख्यतः डी-1 प्रकारचे. एखादा आकडा नजरेआड झाल्यावरही ध्यानात राहावा, तर तिथल्या पेशींनी एकमेकींना संदेश देत राहायला हवं. डी-1ला डोपामिन बेताचं मिळालं तरच तो संदेश टिकतो; कमी पडलं तर विरतो, फार झालं तरीही विरतो. डी-2 अडवणारी गोळी इथे फारशी कामी येत नाही.

आता दादरला पश्चिम रेल्वेवरून मध्य रेल्वेवर जाणं आठवा. इंडिकेटरवरचा फलाट क्रमांक गर्दीचा पूल ओलांडेपर्यंत ध्यानात धरायचा. मध्येच फलाट बदलल्याची घोषणा झाली, की जुना आकडा टाकून नवा धरायचा, वर गाडी स्लो की फास्ट तेही बघायचं. हे जमेना म्हणून माणूस घराबाहेर पडणं सोडतो. मनाची उभारी नसणं हेही या आजाराचं लक्षण आहे. काही वेळा औषधाच्या गुंगीचीही भर पडते; ते डॉक्टरांना सांगावं, मात्रा बदलता येते.

अंगारे-धुपारे आणि मांत्रिकापायी उपचार लांबतात, याचा मला मनापासून संताप येतो. जितका उशीर, तितकं पुढचं सावरणं अवघड. एरवी जागतिक आरोग्य संघटनेच्या मते तिघांपैकी किमान एक जण पूर्ण बरा होऊ शकतो.

"आधी ठणठणीत हो, मग नोकरी बघू" हेही सोडायला हवं. आवडीची खरी नोकरी लवकर मिळवून देऊन सोबत आधार देत राहिलं, तर जास्त जण कामाला लागतात, असं अनेक देशांतल्या चाचण्यांत दिसलं आहे. स्मृती-लक्षाचे सरावही अशा कामाच्या जोडीला अधिक फळतात.

घरी "दूध आण, बिल भर, येताना इस्त्रीचे कपडे घे" असं एका दमात सांगू नका. एक काम झालं की दुसरं सांगा, नाहीतर कागदावर लिहून द्या. कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे.