बेटी पेज यांच्या निधनानंतरचा शोक

अमेरिकन पिन-अप मॉडेल बेटी मे पेज (२२ एप्रिल १९२३–११ डिसेंबर २००८) यांच्या मृत्यूनंतर चाहते, छायाचित्रकार व चित्रकार यांनी व्यक्त केलेला शोक. भिंतीवर टाचणीने लावायच्या चित्रांना पिन-अप म्हणत. टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे जन्मलेल्या पेज यांची या क्षेत्रातील कारकीर्द सुमारे १९५० ते १९५७ एवढीच होती. त्यामुळे २००८ मध्ये हळहळणाऱ्या अनेकांचा जन्म पेज कॅमेऱ्यापासून दूर झाल्यानंतरचा होता आणि त्यांना पेज यांची ओळख केवळ छायाचित्रांतूनच झालेली होती.

पेज यांना डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लॉस अँजेलिस येथे रुग्णालयात दाखल करण्यात आले. आजाराबाबत तत्कालीन वृत्तांत एकवाक्यता नाही : काहींत हृदयविकाराचा झटका, तर काहींत न्यूमोनिया सांगितला आहे. दोन्ही माहिती त्यांच्या व्यवस्थापकाच्याच हवाल्याने दिलेली असल्याने एकीला खोटी ठरवण्यापेक्षा हे दोन्ही विकार एकाच आजारपणातले मानणे अधिक सयुक्तिक वाटते. कुटुंबीयांच्या संमतीने कृत्रिम जीवनाधार काढल्यानंतर त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्या ८५ वर्षांच्या होत्या.

त्यांनी काम का सोडले हा प्रश्न या शोकाशी निगडित आहे, कारण चाहत्यांनी त्यांना एकदा आधीच गमावले होते. अश्लील चित्रांचा बालगुन्हेगारीशी असलेला संबंध तपासण्यासाठी अमेरिकी सिनेटच्या कीफॉव्हर उपसमितीने केलेल्या चौकशीमुळे त्या बाहेर पडल्या, असे एक मत आहे. धार्मिक प्रेरणा हे कारण होते, असे दुसरे. चौकशी १९५५ ची आणि निवृत्ती १९५७ ची असल्याने पहिले कारण एकट्याने पुरेसे ठरत नाही. फ्लॉरिडातील की वेस्ट येथील धार्मिक अनुभव सामान्यतः १९५८–५९ च्या सुमाराचा मानला जातो, म्हणजे तोही निवृत्तीनंतरचा ठरतो. अनेक कारणे हळूहळू साठत गेली असावीत, हेच मत अधिक ग्राह्य दिसते. या चौकशीच्या दडपणाखाली पेज यांची छायाचित्रे विकणारे न्यूयॉर्कमधील व्यावसायिक अर्व्हिंग क्लॉ यांनी आपल्याकडील बऱ्याच निगेटिव्ह नष्ट केल्या. त्यांची बहीण पॉला क्लॉ यांनी काही निगेटिव्ह वाचवल्या नसत्या, तर पुढच्या पिढ्यांना आठवण्याजोगे फारच थोडे उरले असते.

आठवणींच्या केंद्रस्थानी पेज यांची केशरचना असते : कपाळावर सरळ कापलेली, टोकाशी किंचित आत वळवलेली काळी झुलपे. १९५० मध्ये कोनी आयलंडच्या किनाऱ्यावर भेटलेले पोलीस अधिकारी व हौशी छायाचित्रकार जेरी टिब्स यांनी त्यांचे रुंद कपाळ झाकण्यासाठी ही ठेवण सुचवली, असे पेज स्वतः सांगत. छायाचित्रकार बनी यीगर यांनी टिपलेले, नाताळच्या झाडाजवळ गुडघे टेकून डोळा मिचकावणाऱ्या पेज यांचे छायाचित्र ‘प्लेबॉय’च्या जानेवारी १९५५ च्या अंकात आले. निधनही डिसेंबरातलेच असल्याने ते चित्र आठवताना मन अधिकच गलबलते.

या शोकात ऋणाची जाणीवही आहे. त्यांची चित्रे सर्वत्र विकली जात असताना पेज यांच्या हाती दीर्घकाळ जवळजवळ काहीच पडले नाही. त्यांनी मनोविकार, कोर्टकज्जे आणि मनोरुग्णालयातील अनेक वर्षे भोगली. त्यांच्यावरून आपल्या ‘रॉकेटियर’ चित्रकथेतील नायिका रेखाटणारे डेव्ह स्टीव्हन्स यांनी पुढे त्यांना शोधून मदत केली व त्यांच्याशी स्नेह जोडला. मार्च २००८ मध्ये, पेज यांच्या नऊ महिने आधी, स्टीव्हन्सही निवर्तले.

लोकांनी आपल्याला तरुणपणीच्या रूपात आठवावे अशी इच्छा असल्याने पेज वृद्धापकाळी चेहऱ्याचे छायाचित्र काढू देण्यास सहसा राजी नसत. निधनवार्तांसोबत मुख्यतः १९५० च्या दशकातील चित्रेच छापली गेली. लॉस अँजेलिसमधील वेस्टवुड व्हिलेज मेमोरिअल पार्क या दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. मॅरिलिन मन्रो यांचे दफनस्थळही तेथेच आहे.