पूर्वसंमतीची अट (करारातली)

दोन माणसांनी करार केला, सह्या झाल्या, पैसेही हातात पडले, तरी तिसऱ्या कुणाची परवानगी येईपर्यंत व्यवहार पुरा होत नाही, असं जिथं असतं तिथली ती अट. हा तिसरा म्हणजे डीसी (जिल्हाधिकारी), तहसीलदार, बुडा (बेळगावचं नगरविकास प्राधिकरण), कोर्ट, बँक, सोसायटी, नाहीतर घरातलेच बाकीचे हिस्सेदार. अट कधी कागदावर लिहिलेली असते, कधी लिहिलेली नसली तरी कायद्यानं लागूच असते, आणि माणसं जास्त अडकतात ती दुसऱ्या प्रकारात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या बोलण्यात तिला वेगळं नाव नाही, "डीसीची परमिशन तेवढी बाकी आहे" एवढ्यात सगळं येतं. इथं ती मुख्यतः जमिनीच्या संचकारपत्रात, म्हणजे इसारपत्रात, भेटते, म्हणून ही नोंदही तिथंच जास्त थांबते.

जुनी परंपरा

जमीन सहा गोष्टींनी दुसऱ्याकडे जाते असं एक जुनं स्मृतिवचन आहे, "स्वग्रामज्ञातिसामन्तदायादानुमतेन च । हिरण्योदकदानेन षड्भिर्गच्छति मेदिनी ॥" म्हणजे गाव, भाऊबंद, शेजारचे जमीनवाले आणि वारस यांची अनुमती, वर सोनं आणि पाणी. हे वचन 'मिताक्षरा' या याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या टीकेत आलंय, आणि ती टीका लिहिणारा विज्ञानेश्वर कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या काळातला, साधारण ११व्या शतकाचा शेवट ते १२व्याची सुरुवात. ते कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. या वचनावरून जुन्या काळी गावाच्या अनुमतीशिवाय जमीन विकताच यायची नाही असा अर्थ काढता येतो, पण विज्ञानेश्वर स्वतः तसं म्हणत नाही. गावाची अनुमती व्यवहार उघड व्हावा म्हणून, तिच्याविना व्यवहार होतच नाही असं नाही, शेजाऱ्याची अनुमती बांधावरून पुढं भांडण नको म्हणून, आणि भाऊबंदांची वाटणी झाली की नाही ही शंका मिटावी म्हणून, असं तो सांगतो. नोंदकर्त्याला हाच फरक आजही सगळ्यात कामाचा वाटतो: एक संमती अशी की ती नसेल तर व्यवहार उभाच राहत नाही, आणि दुसरी अशी की ती नसेल तर व्यवहार राहतो पण कटकट मागं लागते. सही करायच्या आधी आपल्या कागदातली संमती यातली कुठली, हे कळलंच पाहिजे.

संचकार हा शब्द

दक्षिण महाराष्ट्रात आणि बेळगाव-धारवाडकडं इसाऱ्याला संचकार म्हणतात, कन्नडमध्येही हाच शब्द. पण आजच्या कन्नड पेपरात 'जीवक्के संचकार' म्हणजे जिवाला धोका, त्यामुळं 'संचु' म्हणजे कट, त्यावरून संचकार, असं जोडावंसं वाटतं. ते पटण्यासारखं नाही. संस्कृत 'सत्यंकार', त्यावरून प्राकृत 'सच्चकार' आणि मग सचकार, संचकार, ही वाट जास्त सरळ आहे, कारण अर्थही तोच आणि वापरही तोच. पाणिनीच्या (साधारण इ.स.पू. ५वं-४थं शतक मानतात) ६.३.७० या सूत्रानं 'सत्यंकार' हे रूप सिद्ध होतं, आणि ५.४.६६ वरच्या टीकांमध्ये 'सत्याकरोति वणिक् भाण्डम्' असं उदाहरण येतं, म्हणजे व्यापारी माल मीच घेणार म्हणून शब्द पक्का करतो. याज्ञवल्क्यस्मृतीत (काळ साधारण इ.स. ३रं ते ५वं शतक, अलीकडे त्यातल्या उत्तरार्धाकडे कल आहे) २.६१ ला नियम आहे, "सत्यंकारकृतं द्रव्यं द्विगुणं प्रतिदापयेत्", घेतलेला संचकार दुप्पट परत द्यायचा. मिताक्षरा तिथं अंगठीचं उदाहरण घेते. बोटातली अंगठी काढून समोरच्याच्या हातात ठेवली, मग ठेवणाऱ्यानंच शब्द मोडला तर अंगठी गेली, घेणाऱ्यानं मोडला तर दुप्पट. आजच्या संचकारपत्रातही नेमकी हीच दोन वाक्यं असतात. पण दोघांपैकी कुणीच शब्द मोडला नाही आणि वरच्या ऑफिसानंच नाही म्हटलं तर अंगठीचं काय, हे या नियमात नाही, आणि आजच्या बऱ्याच संचकारपत्रांतही नसतं.

कायद्यातलं स्वरूप

भारतीय करार कायदा १८७२, कलम ३१ ते ३६ मध्ये घटनेवर अवलंबून असलेले करार येतात. 'डीसीची परवानगी मिळाली तर विकीन' हा तसा करार धरला तर परवानगी येईपर्यंत कुणालाच कोर्टात जाता येत नाही, आणि ती मिळणं अशक्य झालं की कलम ३२ प्रमाणे करार संपतो, घेतलेले पैसे कलम ६५ खाली परत करावे लागतात. दुसरं मत असं की हा करार पक्काच आहे, परवानगीसाठी अर्ज करणं हे विकणाऱ्याचं न लिहिलेलं कर्तव्य आहे. प्रिव्ही कौन्सिलनं (इंग्रजांच्या काळचं शेवटचं अपील कोर्ट) १९३० मध्ये मोतीलाल विरुद्ध नन्हेलाल या खटल्यात हेच धरलं, सुप्रीम कोर्टानं १९६३ मध्ये दिल्लीतल्या एका प्लॉटच्या खटल्यात (तिथं विकणाऱ्या बाजूनं अर्ज करून नंतर मागं घेतला होता) आणि १९६९ मध्ये नथुलाल विरुद्ध फूलचंद मध्येही तेच. म्हणजे "परमिशन आली नाही, मी काय करू" असं म्हणून विकणारा सुटत नाही, त्यानं अर्ज केला का ते विचारलं जातं. दुसऱ्या मताचं पारडं उघडच जड आहे, मात्र कागदावर 'परवानगी जमीन घेणारानं आणायची' असं लिहून सही केली असेल तर हे कर्तव्य आपणच अंगावर घेतलेलं असतं.

'मंजूर' शब्दाचा घोळ

कागद कन्नडमध्ये असतो, आणि ओळखीचा शब्द दिसला की मराठी वाचणाऱ्याला धीर येतो, धोका तिथंच आहे. अशी एक ओळ घ्या: 'सदरी जमीनु मंजूराद जमीनागिद्दु, सक्षम प्राधिकारद पूर्वानुमती इल्लदे परभारे माडतक्कद्दल्ल'. मराठी कानाला वाटतं जमीन मंजूर आहे, म्हणजे अप्रूव्ह्ड आहे, झालं काम! खरा अर्थ उलटा, ही सरकारनं कुणाला तरी दिलेली जमीन आहे आणि अधिकाऱ्याच्या आधीच्या परवानगीशिवाय ती दुसऱ्याला देता येत नाही. शेवटचा 'अल्ल' म्हणजे नाही, तो वाक्याच्या टोकाला असतो आणि घाईत निसटतो. पूर्वानुमती म्हणजे आधीची परवानगी, ओप्पिगे म्हणजे संमती, अनुमोदने म्हणजे मान्यता, निराक्षेपणा पत्र म्हणजे एनओसी, परभारे म्हणजे हस्तांतर, एवढे शब्द माहीत असले तरी पुष्कळ काम होतं. पुढं 'वाचून दाखवलं, समजलं' असं लिहिलेलं असतं त्याखाली सही आपलीच असते, म्हणून आपल्या ओळखीच्या कन्नड येणाऱ्या माणसाकडून ओळ न् ओळ वाचून घ्यावी, समोरच्याच्या एजंटाकडून नको.

कुठं कुठं लागते

सगळ्यात कडक प्रकार म्हणजे अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना सरकारनं दिलेल्या जमिनी. कर्नाटकाचा १९७८ चा कायदा (पीटीसीएल म्हणतात तो, १ जानेवारी १९७९ पासून लागू) सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय झालेली विक्री रद्दच ठरवतो, आणि त्याच्या व्याख्येत 'हस्तांतर' मध्ये नुसता विक्रीचा करारही येतो. म्हणजे इथं "आधी संचकार करू, परमिशन मागनं घेऊ" हे चालतच नाही, संचकारच दोषी. ज्या माणसाला जमीन मिळाली त्याच्या हातून ती अडचणीच्या वेळी कवडीमोलानं जाऊ नये म्हणून हा कायदा केलाय आणि ते रास्तच आहे, घेणाऱ्यानं ते समजून वागावं. परत मिळवायच्या अर्जाला मुदतीचं बंधन नाही असं २०२३ च्या दुरुस्तीनं स्पष्ट घातलंय.

कुळाला मिळालेल्या जमिनीला कर्नाटक भूसुधारणा कायदा १९६१, कलम ६१ प्रमाणे ट्रिब्युनलच्या आदेशापासून १५ वर्षं विक्रीबंदी असते (वाटणी चालते). वतनी जमिनी, म्हणजे पाटीलकी, शेतसनदी वगैरे, ग्रामवतन रद्द झाल्यावर फिरून दिल्या गेल्या त्यांनाही आधी डीसीच्या परवानगीची आणि आकाराच्या (जमिनीवरच्या सरकारी साऱ्याच्या) १५ पट रक्कम भरायची अट होती, पुढं १९७८ च्या दुरुस्तीत १५ वर्षांची बंदी आली. हा भाग १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळं जुन्या कागदांत 'नवी शर्त' (परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) सारखे मुंबईकडचे शब्दही सापडतात. बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घ्यायला अडवणारी ७९ए आणि ७९बी ही कलमं २०२० मध्ये काढली, पण वरच्या अटी त्यानं गेलेल्या नाहीत, हे बरेच जण एकत्र करतात.

बिनशेतीला भूमहसूल कायदा १९६४, कलम ९५ खाली डीसीची परवानगी, प्लॉट पाडायला बुडाची किंवा नगररचनेची मान्यता, सर्व्हे नंबरचा तुकडा विकायला ११ई नकाशा (मोजणी करून तो तुकडा दाखवणारा). जाहिरातीत 'बुडा अप्रूव्ह्ड' असतं तेव्हा तात्पुरता नकाशा मंजूर आहे की शेवटचा, ते विचारायचं. बँक-सोसायटीचा बोजा कर्नाटकातल्या उताऱ्याच्या (आरटीसीच्या) ११व्या रकान्यात दिसतो, मालक ९व्यात. भाड्याच्या दुकानात पोटभाडेकरू ठेवायला मालकाची लेखी संमती वगैरे अटी नेहमीच्याच.

कागदात काय असावं

परवानगी कुठल्या ऑफिसची, अर्ज कोण करणार आणि किती दिवसांत, खर्च कुणाचा, नाकारली तर संचकार किती दिवसांत परत. 'मंजुरी मिळाल्यावर खरेदी करून देईन' एवढंच लिहिलं तर तारीखच नसते. मुदत कायदा १९६३, अनुच्छेद ५४ प्रमाणे दाव्याला ३ वर्षं मिळतात ती ठरलेल्या तारखेपासून, तारीख नसेल तर नकार कळल्यापासून, आणि मग नकार कधी कळला यावरच वर्षानुवर्षं वाद चालतो. म्हणून मंजुरीला बाहेरची तारीख घालावी, उदाहरणार्थ सहा महिने, नाही आली तर पैसे परत.

घरातली संमती

वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा हक्क कर्नाटकात १९९४ च्या राज्य दुरुस्तीनं (तेव्हा लग्न न झालेल्यांना) आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीनं आला, त्यामुळं "बहिणीचं काय, ती येईल सही करायला" हे तोंडी आश्वासन पुरत नाही, तिचं नाव कागदात संमतीदार म्हणून यावं आणि सही संचकाराच्याच दिवशी व्हावी. अज्ञान मुलाचा वेगळा हिस्सा असेल तर हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६, कलम ८ प्रमाणे आईवडिलांनाही कोर्टाची आधी परवानगी लागते. ती न घेता केलेली विक्री आपोआप रद्द होत नाही, पण मूल वयात आल्यावर ३ वर्षांच्या आत ती रद्द करून मागू शकतं.