उडणाऱ्या खेळाडूचं करायचं काय?
(आमच्या टेबलावर खेळणाऱ्यांसाठी माहितीपत्रक)

शनिवार-रविवारी आमच्या दुकानात टेबल घेऊन डंजन्स अँड ड्रॅगन्स (प्रत्येकाने एक पात्र घेऊन फाशांनी खेळायचा गोष्टीचा खेळ) खेळणाऱ्यांची, कुणाचं पात्र उडायला लागलं की, एक तक्रार ठरलेली असते: ‘हा वरनं बाण मारतोय, आम्ही खाली मार खातोय, का बे?’ डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, बिचारा वहीत डोकं घालून बसलेला. त्याच्यासाठी हा कागद. अगदी नवखे असाल तर आधी काउंटरवर विचारा, साधा डाव शिकवू. खालचे आकडे २०१४ च्या नियमांचे आहेत, कारण दुकानातली पुस्तकं तीच आहेत.

आधी किल्ल्याचं बघू. आपला सोलापूरचा भुईकोट सपाटीवरचा. डोंगराचा आधार नाही, म्हणून एका अंगाला सिद्धेश्वर तलाव, बाकी खंदक आणि दुहेरी तट. शत्रू चालतच येणार, हे धरून सगळं बांधलेलं. तुमच्या गोष्टीत असाच किल्ला असेल आणि पाचव्या लेव्हलच्या (पात्राची पातळी) विझार्डने, म्हणजे जादूगाराने, ‘फ्लाय’ हा उडण्याचा मंत्र टाकला, तर एका पाळीत साठ फूट या वेगाने तो दोन-तीन पाळ्यांत आत उतरतो. डीएमने आठवडाभर आखलेला दरवाजा, पहारे, चोरवाट, सगळं बाजूला राहतं. लढाईत खालच्यांची तलवार त्याच्यापर्यंत न पोचणं हा फायदा त्यापुढे किरकोळ आहे.

तरी हा मंत्र आमच्या मते स्वस्त नाही. त्या लेव्हलला विझार्डकडे तिसऱ्या दर्जाचे स्लॉट (मंत्र टाकायच्या संधी) दोनच असतात, आणि ‘फायरबॉल’ हा आगीच्या गोळ्याचा मंत्रही त्यातूनच टाकायचा. उडाला म्हणजे एक फायरबॉल गेला. दहा मिनिटांची मुदत, म्हणजे शंभर पाळ्या. लढाई चार-पाच पाळ्यांत आटोपते, तेव्हा मुदतीचा धाक कुणालाच नसतो. धाक असतो तो कॉन्सन्ट्रेशनचा, म्हणजे मंत्र चालू ठेवायला लागणाऱ्या एकाग्रतेचा. मार बसला की दर वेळी सेव्ह (मंत्र टिकतो का ते ठरवणारा फासा), लक्ष्य १० किंवा झालेल्या नुकसानीच्या निम्मं, जे जास्त असेल ते. चुकला की खाली. पडल्याचं नुकसान दर दहा फुटांना सहा बाजूंचा एक फासा, साठ फुटांवरून सहा फासे, सरासरी २१. कॉन्स्टिट्यूशन (अंगातला दम) १४ असलेल्या पाचव्या लेव्हलच्या विझार्डचे हिट पॉइंट (किती मार सोसतो तो आकडा) साधारण ३२. ‘फेदर फॉल’ हा अलगद खाली उतरवणारा मंत्र शिकून ठेवा, हे त्याला आधीच सांगा. मग रुसवे होत नाहीत.

खरी गडबड झाडूत आहे. उडता झाडू, ही जादूची वस्तू, ‘अनकॉमन’ गटात मोडतो (दुर्मिळतेच्या चढत्या पायऱ्या: अनकॉमन, रेअर, व्हेरी रेअर), म्हणजे पुस्तकातल्या भावाने १०१ ते ५०० सोन्याची नाणी. वेग पन्नास फूट, कॉन्सन्ट्रेशन नाही, अट्यूनमेंट (वस्तू आपल्याशी जुळवून घेणं) नाही, मुदत नाही. अट एकच, वजनाची: चारशे पौंडांपर्यंत नेतो, दोनशेच्या वर वेग तीसवर येतो. आता जादूचे पंख बघा. तेही उडवतात, पण गट ‘रेअर’, अट्यूनमेंट हवी, आणि तासाभराने बंद पडले की १ ते १२ तास थांबा. उडण्याचा काढा तर ‘व्हेरी रेअर’, आणि चालतो एकच तास! एका घोटाचा दर्जा कायमच्या वाहनाच्या वर. हा भाव कुणी लावला कोण जाणे.

आम्ही दुकानाच्या डावांत झाडू ‘रेअर’ धरतो, चार हजार नाण्यांना देतो, आणि एक हात दांड्यावर ठेवायला लावतो. एक हात अडकला की लाँगबो बंद. एवढ्यानेच निम्मी भांडणं मिटली.

जन्मजात पंख असलेल्या आराकोक्राचं, म्हणजे पक्षीमानव जातीच्या पात्राचं, दुखणं वेगळं. पहिल्या लेव्हलपासून पन्नास फूट, तेही फुकट. फक्त मध्यम किंवा जड चिलखत चालत नाही. सगळे नवीन असतील तर त्याला थेट नाही म्हणा.

जागेचाही विचार करा. विमान उतरायच्या वाटेत काय उभं आहे, यावर सोलापुरात वर्षानुवर्षं वाद चालला आणि २०२३ मध्ये साखर कारखान्याची चिमणी पाडली गेली. डीएमने उलटं करावं, चिमण्या उभ्या कराव्यात: दाट झाडी, धूर, जाळी लावलेला चौक, बुटकं भुयार. आणि उघड्या माळावर उडणारा सगळ्यांना दिसतो. लाँगबो दीडशे फूट सहज गाठतो, सहाशेपर्यंत डिसअॅडव्हान्टेजने (दोनदा फासा टाकून कमी आकडा धरायचा). पण दर वेळी छत खाली आणू नका. त्याने स्लॉट खर्चलाय, कधीतरी तट ओलांडू द्या.

उडणारा किती उंचीवर आहे, यावरून वाद होत असेल तर आमच्याकडून सहा बाजूंचे फासे मागून घ्या, त्याचे पैसे नाहीत. (शेंगाचटणीचे हात आधी पुसा, टॉवेल काउंटरवर आहे.) दर दहा फुटांना एक फासा त्याच्या पात्राच्या बाहुलीखाली रचायचा. पडला की तेच फासे उचलून टाकायचे.