असमतुल्य नियंत्रण गट आणि रिग्रेशन डिसकंटिन्युइटी: नेमका फरक कोठे आहे?

मानसशास्त्रातील प्रयोगसदृश संशोधनात सहभागी व्यक्तींची गटांमध्ये यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखी) विभागणी केलेली नसते. या एका साम्यामुळे असमतुल्य नियंत्रण गट अभिकल्प (संशोधनाची आखणी) आणि रिग्रेशन डिसकंटिन्युइटी, म्हणजे गुणांच्या रेषेतील तूट तपासणारा अभिकल्प, यांची गल्लत होते. वास्तविक, कोणती व्यक्ती कोणत्या गटात का गेली हे संशोधकाला कितपत ठाऊक आहे, यावर दोहोंतील फरक अवलंबून असतो.

पहिल्या अभिकल्पात आधीपासून अस्तित्वात असलेले गट घेतात. उदाहरणार्थ, एका वर्गाला परीक्षेची चिंता कमी करण्याचे प्रशिक्षण देतात, दुसऱ्याला देत नाहीत आणि दोन्ही वर्गांची पूर्वचाचणी व उत्तरचाचणी घेतात. येथे प्रेरणा, शिक्षक, वर्गातील वातावरण असे न मोजलेले फरक शिल्लक राहतात. त्यावर दोन्ही वर्गांतून पूर्वचाचणीत चिंतेचे समान गुण असलेल्या विद्यार्थ्यांच्या जोड्या जुळवण्याचा उपाय सुचवला जातो, पण तो मला अनेकदा अधिक धोकादायक वाटतो: जास्त चिंता असलेल्या वर्गातून कमी गुणांचे आणि कमी चिंता असलेल्या वर्गातून जास्त गुणांचे विद्यार्थी निवडले, तर अशा गुणांत योगायोगाचाही वाटा असल्याने पुढील चाचणीत ते आपापल्या वर्गाच्या सरासरीकडे झुकतात आणि प्रशिक्षणाचा काहीही परिणाम झालेला नसतानाही तो झाल्यासारखा, कधी तर उलटाच झाल्यासारखा दिसतो.

मानसशास्त्रज्ञ थिसलथ्वेट आणि कॅम्पबेल यांनी 1960 मध्ये मांडलेल्या दुसऱ्या अभिकल्पात गट ठरवण्याचा नियमच उघड असतो. चिंतामापन श्रेणीवर, समजा, 60 किंवा अधिक गुण असलेल्या सर्वांना प्रशिक्षण मिळते, बाकीच्यांना मिळत नाही. गट मुद्दामच भिन्न ठेवलेले असूनही निष्कर्ष अधिक भक्कम ठरतो, कारण 59 आणि 61 गुणांच्या विद्यार्थ्यांत एरवी फारसे अंतर नसते. म्हणून पूर्वचाचणी व उत्तरचाचणी यांचा संबंध दाखवणारी रेषा नेमकी 60 वर तुटली, तर त्या तुटीचे श्रेय प्रशिक्षणाला देता येते.

मात्र हा निष्कर्ष सीमारेषेजवळच्या व्यक्तींपुरताच खात्रीचा असतो, यादृच्छिक प्रयोगाइतकी अचूकता मिळवण्यासाठी बरेच अधिक सहभागी लागतात आणि मूळ संबंध वक्र असेल तर सरळ रेषा बसवताना खोटी तूट दिसू शकते. शिवाय प्रशिक्षण मिळावे म्हणून काहींनी उत्तरे फिरवून 60 गाठले असतील, तर सीमेच्या दोन्ही बाजूंची माणसे पुन्हा अज्ञात कारणांनी वेगळी होतात, म्हणजे पहिल्या अभिकल्पाचीच अडचण येथेही उभी राहते.