बत्ता ठेवून वाचायचं पुस्तक

अप्पा बळवंत चौकाजवळ फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या चळती लागतात. दहावीच्या गाईडांच्या अशाच एका चळतीखाली मला नाण्यांच्या जादूचं इंग्रजी पुस्तक सापडलं. पाठीचा डिंक सुटलेला, किंमत ऐंशी रुपये, घासाघीस करून साठ. घरी येऊन पहिला धडा उघडला तर पहिल्याच परिच्छेदात गुपित सांगून टाकलेलं. नाणं उजव्या हातातून डाव्या हातात जातच नाही, उजव्यातच राहतं. एवढंच? साठ रुपये पाण्यात गेले म्हणायचे.

तिसऱ्या दिवशी भाचीला करून दाखवलं. वय वर्षं सात. माझ्या बंद डाव्या मुठीकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. "आत्या, ते त्याच हातात आहे."

गुपित तिला माहीत नव्हतं, मला होतं. तरी पकडली गेले मीच. पुस्तकाची उरलेली दोनशे पानं कशासाठी आहेत, ते तेव्हा लक्षात आलं.

तुमचा तळहात उघडून पाहा. अंगठ्याच्या बुडाशी एक गुबगुबीत उंचवटा आहे, करंगळीच्या बाजूला दुसरा. या दोन टेकड्यांच्या मधल्या खळग्यात नाण्याची कड धरायची आणि बोटं मोकळी सोडायची. या उंचवट्यांत अंगठा आणि करंगळी एकमेकांकडे वळवणारे स्नायू असतात. बरणीचं झाकण फिरवताना आपण ते रोज वापरतो, पण बाकीचा हात सैल ठेवून तेवढेच आवळायची वेळ कधी येत नाही. म्हणून सुरुवातीला अंगठा खुंटीसारखा ताठ होतो आणि समोरच्याला लगेच कळतं की या हाताचं काहीतरी बिनसलंय. त्यात पुस्तक पडलं अमेरिकन. त्यातलं नाणं म्हणजे अर्धा डॉलर, व्यास ३०.६ मिलिमीटर. आपलं सध्याचं एक रुपयाचं नाणं २० मिलिमीटर, ते माझ्या तळहातात ठरेचना. शेवटी दहा रुपयांच्या नाण्यावर आले. ते २७ मिलिमीटरचं आहे, तेवढ्यावर भागतं.

सराव गादीवर बसून करायचा. फरशीवर केला तर नाणं शंभरदा खणखणतं आणि खालच्या काकू वर येतात. नंतर नाणं तळहातात ठेवून रोजची कामं करायची. मी कोथरूड ते स्वारगेट बसमध्ये तसं करून पाहिलं. कंडक्टरने सुटे पैसे द्यायला हात पुढे केला, मी सवयीने तोच हात पसरला आणि माझंच नाणं त्याच्या बुटावर पडलं. माणूस काही बोलला नाही. पुण्यात याहून विचित्र प्रवासी भेटत असतील. तीनेक महिन्यांनी मात्र नाणं हातात आहे हेच विसरायला होऊ लागलं. कौशल्य शिकताना माणूस आधी प्रत्येक हालचाल मनात बोलून करतो, मग चुका गाळत जातो आणि शेवटी हात आपोआप चालतो, असे तीन टप्पे फिट्स आणि पोस्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली मांडले. स्कूटर शिकलेल्या कुणालाही हे पटेल. जादूत तिसऱ्या टप्प्याला पर्यायच नाही, कारण हाताकडे लक्ष देणारा जादूगार हाताकडे बघतो.

भाचीने मला पकडलं ते तिथेच. नाणं उजव्या हातात होतं आणि माझी नजरही तिथेच खिळली होती. पुस्तकात सूचना स्पष्ट होती: नाणं जिथे गेल्याचं भासवायचं आहे, तिकडे बघा. मी ती वाचली होती आणि चहात साखर घाला म्हटल्यासारखी सोडून दिली होती.

या एका ओळीवर प्रयोगशाळेत काम झालेलं आहे. गुस्ताव कून आणि मायकेल लँड यांनी २००६ साली चेंडूच्या एका जुन्या जादूची चित्रफीत लोकांना दाखवली. जादूगार चेंडू दोनदा वर फेकून झेलतो आणि तिसऱ्यांदा फेकल्याचं फक्त सोंग करतो, चेंडू हातातच राहतो. सोंग करताना जादूगाराने वर पाहिलं तेव्हा सुमारे दोन तृतीयांश प्रेक्षकांनी चेंडू वर जाऊन नाहीसा झाल्याचं सांगितलं. त्याने हाताकडे पाहिलं तेव्हा असं सांगणारे निम्म्याने घटले, साधारण एक तृतीयांश उरले. गंमत पुढे आहे. प्रेक्षकांचे डोळे नेमके कुठे फिरतात याचीही नोंद होत होती. ज्यांनी चेंडू वर गेलेला 'पाहिला', त्यांचे डोळे त्या सोंगाच्या वेळी वर गेलेच नव्हते! ते जादूगाराचा चेहरा वाचत होते. डोळे फसले नाहीत, फसला तो मेंदूचा अंदाज. दिसलेली गोष्ट जाणिवेपर्यंत पोचायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात चेंडू पुढे सरकलेला असतो, म्हणून मेंदू पुढचं चित्र आधीच रंगवून ठेवतो. बॅट्समनलाही हेच करावं लागतं. समोरच्या माणसाची नजर हा या अंदाजाचा मोठा आधार असतो. नॉर्मन ट्रिप्लेट यांनी १९०० सालीच चेंडूचा हा खेळ मुलांसमोर करून पाहिला होता आणि बऱ्याच मुलांना हवेत नसलेला चेंडू दिसला होता. जादूगारांना तर ही गोष्ट त्याच्याही आधीपासून ठाऊक होती.

आता कुणी म्हणेल, मोबाईलवर हजारो व्हिडिओ फुकट असताना पुस्तक कशाला? मीही आधी तेच पाहायची, आणि पाहताना सगळं सोपं वाटायचं. या वाटण्याचंही मोजमाप झालं आहे. मायकेल कार्डास आणि एड ओब्रायन यांच्या २०१८ सालच्या संशोधनात लोकांना एक करामत दाखवली: टेबलावर ताटवाट्या मांडलेल्या असताना खालचं कापड हिसडा मारून काढायचं. ज्यांनी तो व्हिडिओ वीस वेळा पाहिला त्यांना 'आपल्यालाही जमेल' असं एकदाच पाहिलेल्यांपेक्षा जास्त वाटलं. त्याच करामतीबद्दल नुसतं वाचणाऱ्यांचा आत्मविश्वास तसा फुगला नाही. डार्ट फेकण्याचा व्हिडिओ वीसदा पाहिलेल्यांनाही आपला नेम सुधारेल असं वाटलं. प्रत्यक्षात तो सुधारला नाही. बघण्यातून पावलं कळतात. कापड बोटांना कसं लागतं, ते मात्र कळत नाही.

पुस्तक असा गोड गैरसमज होऊ देत नाही, कारण ते हैराणच करून सोडतं. 'डाव्या हाताची अनामिका नाण्याच्या खालच्या कडेला, त्याच वेळी उजवा अंगठा…' हे वाचत असताना दोन्ही हात गुंतलेले असतात आणि पुस्तक फटकन मिटतं. मी त्यावर खलबत्त्यातला बत्ता ठेवायला लागले. तरी मान वाकवून वाचता येईना, म्हणून शेवटी एक ओळ वाचायची, डोळे वर करायचे आणि आठवेल तसं करायचं, अशी पद्धत पडली. त्रास वाटायचा, पण याच त्रासामुळे शिकणं पक्कं झालं असावं अशी माझी अटकळ आहे. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ सालच्या प्रयोगात विद्यार्थ्यांना एक उतारा दिला होता. काहींनी तो पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी एकदा वाचून तीन वेळा न पाहता आठवून लिहिला. आठवड्याने पहिल्या गटाला सुमारे ४० टक्के मजकूर आठवला, दुसऱ्याला ६१. उतारा लक्षात ठेवणं आणि बोटं वळवणं एकच नव्हे, हे मान्य. पण पुस्तकातला धडा आठवल्याखेरीज हातात उतरतच नाही.

पुस्तकाने एका बाबतीत मात्र मला फसवलं. आरशासमोर सराव करा म्हणाले, मी केला. महिनाभरात आरशातलं नाणं मलाही दिसेनासं झालं. स्वतःवर खूश होऊन मोबाईलवर चित्रण केलं तेव्हा कळलं, की नेमक्या लपवायच्या क्षणी मी डोळे मिटत होते. ही खोड अनेक नवशिक्यांना लागते म्हणे.

नाण्यांवरून मी मनकवडेपणाच्या पुस्तकांकडे वळले. तिथे हात कमी आणि डोकं जास्त लागतं. त्यातले आकड्यांचे खेळ पाहताना दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर आठवल्याशिवाय राहत नाहीत. फर्ग्युसन कॉलेजात शिकलेला हा माणूस पुढे देवळालीत शाळामास्तर झाला आणि १९४९ साली त्याने ६१७४ हा आकडा जगापुढे ठेवला. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, उत्तराचं पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतोच. पाकिटात आधीच आकडा लिहून ठेवा, झाला तुमचा भविष्यवेत्ता.

कागदावर हे उत्तम, घरात मात्र पंचाईत. निम्मे लोक वजाबाकीत हातचा विसरतात. म्हणून मी एकाच पायरीवर थांबते. पहिल्या वजाबाकीच्या उत्तरातला एक अंक मनात खोडा आणि उरलेले मला सांगा. ३०८७ मधला ८ खोडला तर ३, ० आणि ७, बेरीज १०. पुढचा नवाच्या पाढ्यातला आकडा १८, म्हणून खोडलेला अंक ८. त्याच अंकांची उलटसुलट मांडणी करून वजा केलं की उत्तराला नऊने भाग जातोच, त्यामुळे हे चुकत नाही. फक्त शून्य खोडू देऊ नका, नाहीतर शून्य की नऊ ते कळत नाही. "शून्य आधीच रिकामं आहे, ते काय खोडायचं," एवढं म्हटलं की पुरतं. अशी वाक्यं पुस्तकात तयार मिळतात, आणि मला तर ती गणिताइतकीच चतुर वाटतात.

त्याच पुस्तकात दोऱ्याला अंगठी बांधून करायचा खेळ होता. दोरा चिमटीत धरा, हात स्थिर ठेवा आणि अंगठी गोल फिरतेय अशी नुसती कल्पना करा. ती फिरते. मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग करून १८३३ साली याचा उलगडा छापला: हाताला टेकू दिला की झोके मंदावतात आणि डोळे बांधले की थांबतात. म्हणजे हलवतो आपणच. हालचाल इतकी बारीक की ती आपलीच आहे हे आपल्याला जाणवत नाही. हे वाचताना मला गावाकडचा पाणाड्या दिसला. बोअर मारायच्या आधी तळहातावर नारळ आडवा ठेवून तो शेतभर फिरतो आणि एका जागी नारळ उभा राहतो. तो लबाडच असतो असं नाही. कित्येकदा जमीन, झाडं, शेजारच्या विहिरी पाहून त्याच्या मनाने आधीच जागा ठरवलेली असते आणि हात त्या मनाचं ऐकतो. खात्री करायची तर डोळे बांधून त्याच शेतात पुन्हा फिरवावं.

माणसांविषयी सांगायच्या गोष्टी त्याहून सोप्या. बर्ट्रम फोरर यांनी ३९ विद्यार्थ्यांना 'तुमच्या स्वभावाचं वर्णन' म्हणून कागद वाटले आणि ते कितपत जुळतं याला पाचपैकी गुण मागितले. सरासरी ४.२६ आली. सगळ्यांना एकच मजकूर दिला होता आणि त्यातला बराचसा बाजारातल्या एका ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला होता. हा प्रयोग १९४९ साली प्रसिद्ध झाला. 'वरून शांत दिसता, पण आत विचार चालू असतात' हे वाक्य मी आजवर वीसेक जणांना ऐकवलंय. एकानेही नाही म्हटलं नाही.

जादूची गुपितं छापायला लोक का लागले असतील? रेजिनाल्ड स्कॉट या इंग्रज गृहस्थाने १५८४ साली नाणी, पत्ते, दोऱ्या यांच्या हातचलाख्या पुस्तकात फोडल्या, त्या चेटकीण ठरवून बायकांना मारू नका हे सांगताना. आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते शाळाशाळांतून चमत्कार करून दाखवतात आणि लगेच फोडूनही सांगतात. हवनकुंडात आधीच पोटॅशियम परमँगनेट असतं, वरून तूप म्हणून ग्लिसरीन पडतं, आणि काडी न लावता 'मंत्राने' अग्नी पेटतो. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली तो ओंकारेश्वराजवळचा पूल माझ्या रस्त्यावरच आहे. त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. आणि याच शहरात जादूगार रघुवीरांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या तिकीट लावून जादू केली, ती करमणूक म्हणूनच.

मागच्या गणपतीत आरतीनंतर सोसायटीत मी अंगठीचा खेळ केला. भाचीने दोरा धरला, तिच्या मनातला आकडा अंगठीने अचूक 'सांगितला', टाळ्या पडल्या. मग मी शेव्हरलसकट सगळं समजावून सांगितलं. पांगापांग झाल्यावर खालच्या काकू थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "तेवढं आमच्या मंदारच्या लग्नाचं बघ ना गं."

"काकू, आत्ताच सांगितलं ना, हात आपलाच हलतो."

"हो गं, ते कळलं. तुला सगळ्यांसमोर सांगायचं नसेल." त्यांनी माझ्या तळहातावर दहाचं नाणं ठेवलं आणि मूठ मिटवली.

मी ते परत द्यायला हात उघडला. भाची कोपऱ्यातून ओरडली, "काकू, नीट बघा हं, त्याच हातात असेल."