ट्रान्सफॉर्मर: पन्नास वर्षांचा वळसा

२९ ऑगस्ट १८३१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडेने जी वस्तू वापरली, तिला आजचा कोणताही वायरमन ट्रान्सफॉर्मरच म्हणेल, म्हणजे विजेचा दाब (व्होल्टेज) कमी-जास्त करणारं उपकरण. सहा इंच व्यासाचं नरम लोखंडाचं कडं, एका बाजूला तांब्याच्या तारेचे वेढे, समोरच्या बाजूला दुसरे. तार उघडी, म्हणून मध्ये सुतळी आणि सुती कापड घातलेलं. एका गुंडाळीला बॅटरी जोडली की दुसरीच्या मापकाचा काटा हले आणि लगेच शून्यावर येई. बॅटरी काढली की पुन्हा हले, पण उलट्या दिशेने. प्रवाह नुसता वाहत असताना मात्र काटा ढिम्म.

ट्रान्सफॉर्मरचं सगळं तत्त्व यात आलं. लोखंडातलं चुंबकत्व बदलत राहिलं, तरच दुसऱ्या गुंडाळीत वीज निर्माण होते. दुसरीचे वेढे पहिलीच्या दहापट असतील तर व्होल्टेजही जवळपास दहापट मिळतं. एसी, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या, प्रवाहात हा बदल आपोआप, अखंड चालतो. पण तेव्हा एसी हवी होती कोणाला? पुढची पन्नास वर्षं हे तत्त्व ठिणग्या पाडणाऱ्या इंडक्शन कॉइलमध्ये अडकून राहिलं. तिच्यात बॅटरीचा प्रवाह सारखा तोडावा लागे, आणि कड्याच्या जागी लोखंडी तारांची सरळ जुडी आली होती.

गरज निर्माण केली ती दिव्यांनी. १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर सुरू झालेलं एडिसनचं केंद्र ११० व्होल्टची डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, वीज देई, तीही फार तर मैलभर. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज दहापट करून तेवढीच वीज पाठवली, तर प्रवाह एक दशांश आणि तारेतला तोटा एक शतांश. डीसीचं व्होल्टेज असं सहज चढवता-उतरवता येत नव्हतं.

लुसिएं गोलार आणि जॉन गिब्ज यांनी १८८४ मध्ये इटलीतल्या तुरीनच्या प्रदर्शनात एसी विजेवर, व्होल्टेज बदलणारी उपकरणं वापरून ४० किलोमीटरच्या लाइनवर दिवे लावून दाखवले. मात्र त्यांची ही उपकरणं एकसर, म्हणजे एकामागे एक, जोडलेली होती, त्यामुळे एकीकडचे दिवे मालवले की दुसरीकडचं व्होल्टेज बिघडे. शिवाय गाभा, म्हणजे गुंडाळ्यांच्या आतलं लोखंड, सरळ, दोन्ही टोकांना उघडा. माझ्या मते गोलारला त्याच्या वाट्याचं श्रेय मिळालं नाही; तो १८८८ मध्येच वारला.

१८८५ मध्ये बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातल्या झिपरनोव्स्की, ब्लाथी आणि डेरी या तिघांनी दोन्ही दोष काढले. जोडणी समांतर केली, म्हणजे प्रत्येक उपकरण स्वतंत्रपणे मुख्य तारांना जोडलं, आणि गाभा बंद केला. म्हणजे फॅरडेचंच कडं परत आलं! ‘ट्रान्सफॉर्मर’ हे नावही ब्लाथीचं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत विल्यम स्टॅन्लीने ग्रेट बॅरिंग्टन गावात एसी वितरण सुरू केलं. त्याच्या रचनेत गाभ्याचे पातळ पत्रे आधी कापून नंतर तयार गुंडाळीत बसवता येत, त्यामुळे कारखान्यात काम सोपं झालं. पत्रे एकमेकांपासून विलग ठेवायचे, कारण अखंड लोखंडात भोवरी प्रवाह फिरून गाभाच तापतो.

१८९१ मध्ये जर्मनीत लाउफन ते फ्रँकफर्ट अशी १७५ किलोमीटर वीज नेली, तेव्हा ट्रान्सफॉर्मर तेलात बुडवलेले होते. पुढे सिलिकॉन मिसळलेलं पोलाद आल्यावर गाभ्यातला तोटा आणखी घटला. आजच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरची कार्यक्षमता ९९ टक्क्यांच्या वर असते.